बाजरीचा कालवा, उसाचं पाणी

१८७६ च्या पावसाळ्यात पावसानं पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाकडे पाठ फिरवली. तसा या भागाला पावसाचा लळा कधीच नव्हता. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारे ढग बारामती-इंदापूरपर्यंत येईतो रिकामे झालेले असतात. चांगल्या वर्षी वीस इंच पडला तरी लोक समाधानी. त्या वर्षी तेवढाही झाला नाही. खरिपाची बाजरी जागच्या जागी करपली, परतीचा पाऊस फिरकला नाही म्हणून शाळूची पेरणीही राहिली. ज्या भीमथडीच्या तट्टांनी मराठ्यांच्या फौजा हिंदुस्थानभर फिरवल्या, त्या भीमथडीत जनावरांना वैरणीची काडी मिळेना.

सरकारनं दुष्काळी कामं काढली. त्यांतलं एक मोठं काम नीरा नदीच्या कालव्याच्या खोदाईचं. कुदळ-फावडं घेऊन माणसं आली आणि त्यांच्यामागे सरकारी हिशेबही आला. दुष्काळावर देखरेख करायला नेमलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरेल, असं ठरवून मजुरी कापली. दिवसभर खडकाळ माती उपसणाऱ्या माणसाचं अच्छेरभर धान्यात भागतं, हे ठरवायला वेगळ्याच प्रकारची विद्वत्ता लागते. मजुरांनी कामं सोडली, गणेश वासुदेव जोशी यांच्या सार्वजनिक सभेनं अर्जांमागून अर्ज पाठवले. पण कालव्याची खोदाई पुढे सरकत राहिली. उपाशी माणसांनी खोदलेला हा कालवा पुन्हा कुणाला उपाशी ठेवणार नाही, अशी त्यामागची कल्पना होती. नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला. पुढच्या काही वर्षांत भोर संस्थानाच्या हद्दीत भाटघरला येळवंडी नदीवर दगडी धरण उभं राहिलं आणि पावसाळ्यात वाहून जाणारं पाणी उन्हाळ्यासाठी साठू लागलं.

याआधी पुण्याजवळ एक मोठा प्रयोग झालेला होता. रॉयल इंजिनिअर्समधल्या फाइफ नावाच्या अधिकाऱ्यानं मुठा नदी खडकवासल्याला अडवली. १८६९ साली सुरू झालेलं ते काम दहा वर्षं चाललं. तलावाला नाव पडलं ‘लेक फाइफ’. त्याचं पाणी आधी पुणे शहराला आणि लष्कराला, मग कालव्यानं हडपसर-मांजरीवरून पूर्वेच्या शेतांना. १८७९ साली मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदाही झाला. धरण, कालवा, कायदा, खातं असं सगळं जागेवर आलं. पाणी घेणारे तेवढे यायचे राहिले होते.

आणि ते येईनात. डेक्कन कालव्यांच्या इतिहासातली खरी गंमत इथं सुरू होते. दुष्काळी मुलखात पाणी दारात आलं आणि शेतकरी ते घेईना, याचं इंजिनिअरांना कोडं पडलं. काहींनी शेतकऱ्याला आळशी ठरवलं, काहींनी अडाणी. शेतकऱ्याचा हिशेब मात्र चोख होता. काळी जमीन ओल धरून ठेवते. साधारण बऱ्या वर्षी बाजरीला आणि शाळूला कालव्याच्या पाण्याची गरजच पडत नाही. पैसे भरून पाणी दिलं आणि चार दिवसांनी पाऊस आला, तर पाणीपट्टी गेलीच, वर काळ्या रानात पाणी साचून पीक पिवळं पडलं. पाऊस अगदीच रुसला, तर मात्र कालव्याखालच्या साऱ्या गावांना एकाच आठवड्यात पाणी हवं. आणि नेमक्या त्याच वर्षी धरण अर्धं. म्हणजे या पिकांना कालवा लागणार पाच-सात वर्षांतून एकदा, तेही सगळ्यांना एकदम. कालव्याच्या नोकरांचा पगार आणि भांडवलावरचं व्याज तर दर वर्षी द्यावं लागतं.

सरकारी दप्तरात कालव्यांचे दोन वर्ग होते. एक उत्पादक, म्हणजे स्वतःचा खर्च आणि व्याज फेडणारा. दुसरा संरक्षक, म्हणजे दुष्काळात लोक वाचवण्यासाठी तोटा सोसून चालवायचा. नीरेचा कालवा दुसऱ्या वर्गातला. पण तोटा सोसायचा असं कागदावर लिहिणं वेगळं आणि दर वर्षी वरिष्ठांना तोट्याचा आकडा दाखवणं वेगळं. बारा महिने पाणी पिणारं, चढी पाणीपट्टी देणारं एखादं पीक खात्याला हवंच होतं.

ते पीक ऊस. तो लावायला पुढे आले सासवडचे माळी.

सासवडच्या परिसरात माळी शेतकरी विहिरीवर मोट चालवून ऊस, भाजीपाला करत आले होते. उसाला खत किती, पाणी कधी, पुण्याच्या बाजारात गुळाला भाव कोणत्या महिन्यात चढतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. नीरेचा कालवा सुरू झाल्यावर त्यांतले काहीजण खाली बारामतीकडे उतरले. स्थानिक जमीनधारकांकडून रानं खंडानं घेतली आणि ऊस लावला. मूळच्या जिरायतदाराला हा व्यवहार बरा वाटला. ज्या रानात एरवी बाजरीची चार पोती होत, त्याचा रोख खंड घरबसल्या मिळू लागला. मुठा कालव्यावर हडपसर-मांजरीच्या बाजूलाही ऊस वाढला. तिथल्या उसाला एक खास खत होतं: पुणे नगरपालिकेचं सोनखत. पुण्यातले सोवळ्यातले लोक सणाला ज्या गुळाच्या पोळ्या खात, त्या गुळाच्या उसाला खत कुठलं होतं, हा विषय पंगतीत निघत नसावा.

उसाची लागण म्हणजे वर्ष-दीड वर्षाची गुंतवणूक. बेणं, नांगरट, पेंडीचं खत, खुरपणी, बांधणी आणि दर आठ-दहा दिवसांनी पाणी. शेवटी गुऱ्हाळ लागायचं. शेताच्या कडेला चरक मांडला जाई, बैल गोल फिरत, रसाचे डबे भरत. चुलवाणावर रुंद लोखंडी काहील चढे. खाली जळव्या चिपाडं सारून जाळ एकसारखा ठेवी, वर गुळव्या रसावर नजर ठेवून मळी काढत राही. रस उकळून घट्ट होत आला की खरी कसोटी. एक क्षण आधी उतरवला तर गूळ बसत नाही, एक क्षण उशीर झाला तर करपून काळा पडतो. गुळव्या उकळत्या रसाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळून बघे आणि हात वर करी. मग चार-पाच जण मिळून काहील उचलून वाफ्यात ओतत. साच्यातून निघालेली पिवळीधमक ढेप गाडीत घालून पुण्याच्या पेठेत जायची आणि तिच्या पैशातून सावकार, खंड, पेंडवाला आणि पाणीपट्टी अशी सगळी देणी भागायची. पाटबंधारे खात्याचा ताळेबंद प्रत्यक्षात या गुळव्याच्या दोन बोटांवर उभा होता.

जोतीराव फुल्यांनी हे सगळं अगदी जवळून पाहिलं होतं. ते स्वतः कंत्राटदार. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवलेला, आणि मांजरीला त्यांची शेती होती. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी डोंगर-टेकड्यांतून ठिकठिकाणी बंधारे, तलाव घालून पाणी जमिनीत मुरवण्याची सूचना केली आहे. कालव्यांबद्दलची त्यांची मागणी तर आजच्या कोणत्याही इंजिनिअरला पटावी: शेताच्या गरजेप्रमाणे प्रत्येक शेतकऱ्याला स्वतंत्र तोटी द्या, म्हणजे कुणाला जास्त घेता येणार नाही. पाणी मोजून द्या, इतकं साधं म्हणणं. सरकार मात्र पाणी मोजत नव्हतं, पिकाखालचे एकर मोजत होतं. उसाच्या एकराला ठरलेली पट्टी भरली की त्यात किती पाणी मुरवायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. साहजिकच ज्याचं शेत कालव्याच्या तोंडाशी, तो चारी फोडून मोकळा होई, आणि टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला ओली माती येई.

वीस वर्षांत चित्र पालटलं. पूर्वी खातं गिऱ्हाईक शोधत फिरत होतं, आता गिऱ्हाइकं खात्यामागे फिरू लागली. पाण्यासाठी दर वर्षी अर्ज करायचा, कुणाचा मंजूर करायचा हे कालव्यावरच्या कारकुनानं ठरवायचं. असा कारकून पाटकऱ्यापेक्षा आणि पाटलापेक्षा मोठा होतो, हे सांगायला नको. उन्हाळ्यात उसाला पाणी कमी पडू लागलं आणि बाजरीच्या शेतकऱ्याचं तर कुणी नावच काढत नव्हतं. एकोणिसावं शतक सरता सरता पुन्हा दोन मोठे दुष्काळ पडले, तेव्हा ज्यांच्यासाठी कालवा काढला त्यांच्या आधी उसाला दिलेलं वचन उभं राहिलं.

याच सुमारास, १८९९ साली, पुण्याच्या पाटबंधाऱ्यांची सूत्रं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरच्या हाती आली. म्हैसूरकडचा हा तरुण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ साली अव्वल नंबरानं उत्तीर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या नोकरीत लागला. त्याचं नाव आज धरणांच्या दारांशी जोडलेलं आहे, तेही रास्तच. खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यानं आपोआप उघडणारी दारं बसवली. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की दार आपसूक उघडायचं आणि पूर ओसरला की मिटायचं. धरणाच्या भिंतीवर एक दगड न चढवता तलावाची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली. हीच दारं पुढे ग्वाल्हेरला आणि कृष्णराजसागरला गेली. मला मात्र त्याची दुसरी करामत जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती लोखंडाची नसल्यामुळे फारशी कुणाच्या लक्षात राहिलेली नाही. ती म्हणजे ब्लॉक पद्धत.

ती समजायची तर आधी खानदेशात जायला हवं. विश्वेश्वरय्यांची नोकरीची सुरुवातीची वर्षं नाशिक-धुळ्याकडे गेली. पांझरा नदीखालून पाण्याचे नळ नेण्याचं अवघड काम त्यांनी तिथंच केलं. आणि पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर सरकारच्या आधीपासून, किमान तीन-चारशे वर्षं, शेतकऱ्यांची स्वतःची पाटबंधाऱ्यांची व्यवस्था चालू होती: फड.

नदीवर एकाखाली एक दगडी बंधारे. प्रत्येक बंधाऱ्यापासून निघालेला पाट. पाटाखालची सगळी जमीन तीन-चार मोठ्या तुकड्यांत विभागलेली, एकेक तुकडा म्हणजे फड. एका फडात एका वर्षी एकच पीक: यात ऊस, त्यात गहू, तिसऱ्यात आणखी हंगामी काहीतरी, पुढच्या वर्षी पिकं फिरवायची. जवळपास प्रत्येक खातेदाराची जमीन थोडी थोडी सगळ्या फडांत विखुरलेली, त्यामुळे सगळ्यांचा थोडा ऊस आणि सगळ्यांचा थोडा गहू. कुठल्या फडात काय पेरायचं, हे पंच ठरवत. पाणी शेतकऱ्यानं स्वतः घ्यायचंच नाही. ते पाटकरी देणार, ओळीनं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत, कुणाचं शेत आहे हे न पाहता. पिकाची राखण जागल्या करणार. दोघांचाही मोबदला पिकातून. पाटातला गाळ काढायला घरटी माणूस हजर.

या व्यवस्थेची खरी परीक्षा कमी पावसाच्या वर्षी व्हायची. नदीला पाणी कमी दिसलं की पंच एखादा फड कोरडा ठेवायचा असं ठरवत. सगळ्यांच्या जमिनी सगळ्या फडांत असल्यामुळे तोटा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येई. कुणी एकटा बुडत नसे, आणि कुणाला पाण्याचा मक्ताही नसे. या चित्राला रंग देऊन त्याला रामराज्य ठरवायचं कारण नाही. बंधाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या गावांत भांडणं होत, आणि ज्याला पाटाखाली जमीनच नाही त्याला पंचांपुढे जागा नव्हती. तरीही टंचाई वाटून घेण्याची इतकी सरळ युक्ती दख्खनच्या दुसऱ्या कुठल्या पाण्यावर सापडणं कठीण.

नीरेवर विश्वेश्वरय्यांनी जे आणलं त्यात फडाची सावली मला तरी स्पष्ट दिसते. कालव्याखाली कुठंतरी चार गुंठे, कुठंतरी दोन एकर असा विखुरलेला ऊस बंद करायचा. त्याऐवजी सलग जमिनीचे ब्लॉक ठरवायचे. ब्लॉकला पाण्याची मंजुरी एका वर्षाची नाही, अनेक वर्षांची. म्हणजे दर वर्षीचा अर्ज आणि कारकुनाची मर्जी या दोन्हींतून सुटका. अट एकच: ब्लॉकमधल्या साधारण तिसऱ्या हिश्श्यातच ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची हंगामी पिकं, आणि ऊस दर वर्षी ब्लॉकात फिरता. पाणी पाळीनं, ठरल्या दिवसांनी. त्यामुळे तेच पाणी जास्त गावांत आणि जास्त खातेदारांत पोचेल आणि एकाच रानात वर्षानुवर्षं पाणी मुरून जमीन मरणारही नाही. शेतकऱ्यांनी आधी कडाडून विरोध केला, कारण ज्यांचा ऊस मोठा होता त्यांचा आवाजही मोठा होता. पण सर कॉलिन स्कॉट-माँक्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली १९०१ ते १९०३ या काळात देशभर फिरलेल्या पाटबंधारे आयोगाला ही पद्धत पसंत पडली, आणि ती डेक्कन कालव्यांवर रुजली. आजही जुन्या कालव्यांवर शेतकरी ‘आपला ब्लॉक आहे’ असं म्हणतो, तेव्हा तो शंभरावर वर्षांपूर्वीच्या त्या मंजुरीची भाषा बोलत असतो.

फडाचं अंग घेतलं, जीव मात्र राहून गेला. फडात निर्णय पंचांचा होता, ब्लॉकमध्ये तो खात्याचा. फडात कमी पावसाच्या वर्षी ऊसवाल्यालाही झळ बसे. ब्लॉकमध्ये मंजुरी हा हक्क झाला आणि तुटीची झळ बसली ती ब्लॉकबाहेरच्या जिरायतदाराला. तिसऱ्या हिश्श्याची अट कागदावर राहिली आणि रानात ऊस सरकत सरकत वाढला. खात्यानं डोळेझाक केली, कारण पाणीपट्टीचा आकडा फुगत होता. यात विश्वेश्वरय्यांचा दोष मला दिसत नाही. त्यांनी मिळालेल्या चौकटीत शक्य तितकं न्याय्य गणित मांडलं. चौकटच अशी होती की कालव्यानं खर्च भागवायचा, आणि खर्च भागवणारं पीक एकच होतं.

जमिनीनं याचा हिशेब फार लवकर चुकता केला. नीरेच्या खोऱ्यात उसाच्या रानांत पांढरा थर दिसू लागला. आधी एखाद्या सखल कोपऱ्यात पीक खुरटं राही, पुढच्या वर्षी तिथं काहीच उगवत नसे, मग पाय टाकला की चिखलात घोट्यापर्यंत रुते. लोक म्हणत, जमीन चिबडली, मीठ फुटलं. १९१० साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरेच्या खाऱ्या जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला. १९१६ साली पाण्याचा वापर सुधारण्यासाठी खात्यात एक खास विभाग निघाला आणि क्लॉड इंग्लिस या इंजिनिअरनं चर खणून जमिनीतलं पाणी बाहेर काढण्याचं काम हाती घेतलं. तो विभाग पुढे वाढत वाढत खडकवासल्याची प्रसिद्ध जलसंशोधन संस्था झाला. आता तिथं बंदरांच्या आणि धरणांच्या प्रतिकृती बांधतात. तिची सुरुवात बारामतीकडच्या चिबड रानातून झाली, हे तिथल्या फलकांवर लिहायला हरकत नाही.

दरम्यान धरणं बांधण्याचा सपाटा सुरूच होता. गोदावरीच्या कालव्यांसाठी दारणा, प्रवरेवर १९२६ साली भंडारदरा, नीरेच्या कालव्यांसाठी १९२८ साली जुन्या भिंतीऐवजी भाटघरचं नवं लॉइड धरण. भंडारदऱ्याची २७० फूट उंचीची भिंत तेव्हा देशातली सर्वांत उंच. पाणी आलं, आणि गुळाचा भाव पडला. १९२९ नंतरच्या मंदीत तर ढेपेला कुणी विचारेना. पुन्हा तोच जुना प्रश्न: पाणी आहे, गिऱ्हाईक नाही. या वेळी सरकारनं गिऱ्हाईक म्हणून कारखाना शोधला. १९३२ साली आयात साखरेवर संरक्षक जकात बसली आणि कालव्यांकाठी धुराडी उभी राहू लागली. बेलापूर कंपनीचा कारखाना हरेगावला आधीच होता. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर झालं. आणि नीरा उजव्या कालव्यावर, माळशिरस तालुक्यात, त्याच सासवडच्या माळ्यांनी शेअर काढून स्वतःचा कारखाना उभारला. गावाचं नावच माळीनगर पडलं. शेतकऱ्यांनी भांडवल घालून साखर कारखाना काढायचा, ही कल्पना तिथं रुजली. १९५० च्या अखेरीस लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नातून सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप सुरू झालं, आणि पुढची गोष्ट मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. शाळा, कॉलेजं, दवाखाने, आमदारक्या. उसानं जे उभं केलं ते खोटं नाही. पण त्या साखरेच्या मुळाशी बाजरी वाचवायला आणलेलं पाणी आहे, एवढं विसरायला नको. आज महाराष्ट्रात लागवडीखालच्या जमिनीचा अगदी थोडा हिस्सा उसाखाली आहे, आणि सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून मोठा वाटा त्यालाच लागतो.

१९७९ साली वि. म. दांडेकर, दत्ता देशमुख आणि देऊस्कर यांच्या समितीनं सरकारला सांगितलं, की नव्या प्रकल्पांचं पाणी बारमाही पिकांना देऊ नका, आठमाही द्या, म्हणजे ते जास्त शेतकऱ्यांना पुरेल. जिरायतदाराच्या पिकाला वेळेवर एक-दोन पाळ्या मिळाव्यात, हाच तर नीरेचा कालवा खोदण्यामागचा हेतू होता. तो शंभर वर्षांनी नव्यानं शिफारस म्हणून लिहावा लागला, यातच पहिल्या कालव्याचा निकाल आला.